आई पडली तर काय करायचं

मला फिट येते. नवरा दुधाचा टँकर घेऊन आठवड्यातले बरेच दिवस बाहेर असतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि दुसरीतली लेक, दोघीच. म्हणून तिलाच शिकवायला घेतलं.

मी फरशीवर आडवी व्हायचे आणि ती एकेक गोष्ट करायची. आधी शेगडी बंद. मग मला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कडी काढून शेजारच्या भाभींना हाक मारायची. मला जाग आली की भानावर आले का ते बघायला वार विचारायचा. कडी तिचा हात पोचेल इतकी खाली बसवून घेतली होती. पण मी काही तिला वळत नव्हते. दोन्ही हातांनी खांदा ढकलायची आणि रडायला लागायची.

"आई, ऊठ की. मला हे न्हाय खेळायचं."

"खेळ न्हाय हा. परत कर," मी डोळे मिटूनच म्हणायचे. डोळे उघडले असते तर मलाही रडू आलं असतं.

आणि एका सकाळी भाकरी थापताना मी खरंच पडले. पुढचं सगळं मला भाभींनी सांगितलं. लेकीनं शेगडी बंद केली. मला पुरतं वळवता येईना, तेव्हा जोर लावून थोडं कलतं केलं आणि पाठीशी दप्तर कोंबलं. मग दार उघडून हाक मारली. भाभी शिलाई टाकून धावल्या, त्यांच्यामागं गल्ली लोटली. कुणीतरी हुंगवायला चप्पल काढली, कुणी दातांत चमचा घालायला निघालं. ही सगळ्यांच्या आडवी उभी राहिली.

"माझ्या आईच्या तोंडात काय घालायचं न्हाय."

तिचा तो आवाज ऐकून माणसं मागं सरली, असं भाभी म्हणाल्या. मग त्यांनीच मला नीट कुशीवर घेतलं.

मी डोळे उघडले तर समोर एक मुलगी. "आई, आज कुठला वार?" ती विचारत होती. मला वार आठवेना. ही कोण, तेही आठवेना. मी तिच्याकडं नुसती बघत राहिले. ती तेच तेच विचारत होती, आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

त्यानंतर शाळेतून बोलावणं आलं. ती वर्गात झोपते, बाईंनी सांगितलं. घरी येताना मी तिला विचारलं, तर म्हणाली, "रात्री बघाय लागतंय न्हवं, तुझा श्वास चाललाय का ते."

रस्त्याच्या कडेला तिला जवळ घेऊन म्हटलं, "आता तू काय करायचं न्हाय. सगळं विसर. मी भाभींना सांगते, तुझे बाबा पण सुट्टी काढतील."

सुट्टी मिळणार नव्हती, ते तिलाही ठाऊक होतं.

"भाभी दुपारी झोपतात," ती म्हणाली. "आणि त्यांना हाक लवकर ऐकू येत न्हाय."

मग माझा हात धरून तीच मला घरी घेऊन आली.