धुण्याच्या यंत्राची आग

लोणावळ्याच्या ठाण्यातली ती आगीची केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि मी तिथे फौजदार होतो. आमचे रोजचे काम म्हणजे स्टेशनवरचे पाकीटमार, बंद बंगल्यांतल्या चोऱ्या आणि कुरवंड्याच्या रानातली लाकूडतोड. आग लागली तर ती गवताच्या गंजीला. त्यामुळे एका बंगल्याची मागची बाजू जळाल्याची वर्दी आली, तेव्हा हवालदाराला घेऊन मी स्वतःच गेलो.

बंगल्याचे मालक मुंबईचे व्यापारी. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी कपडे धुण्याचे विजेचे यंत्र जुनेच विकत घेतले होते. गावात ते पहिलेच असावे; लोक कुंपणावरून डोकावून बघून जात. धुण्याची खोली जळून काळी पडली होती, कपड्यांची पेटी खाक झाली होती, यंत्र निकामी झाले होते. वारा उलटा असता तर भिंतीपलीकडच्या खोलीत निजलेली माळ्याची तान्ही मुलगी वाचली नसती.

खबर शेजारच्या रखवालदाराने आणली. "साहेब, परीट म्हातारा दिवेलागनीला मागच्या कुंपनाला उभा व्हता. म्या सोता बघितला. अन् परवा चहाच्या दुकानात म्हनला, जळो ते यंत्र!"

कारण उघड होते. यंत्र आले आणि त्या बंगल्याचे धुणे परटाच्या हातून गेले. खबर इतकी सरळ असली की मला जरा धास्तीच वाटते. पण संशयिताला मोकळे सोडणेही बरे नव्हे. म्हाताऱ्याला आणून कोठडीत बसवले.

"आबा, कुंपणाशी तुम्ही होता?"

"व्हय."

"आग तुम्ही लावली?"

"न्हाई."

"मग गेला होता कशाला?"

हवालदाराने दम भरला, मग चहा पाजला. काही उपयोग झाला नाही. खोटे बोलणारा माणूस कारणे देतो. हा एकही देत नव्हता. असेच गप्प राहिलात तर खटला उभा राहील आणि तुरुंगात जाल, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बंगल्यातल्या मोलकरणीला जबाबासाठी बोलावले. ती माळ्याची बायको, आणि यंत्र तीच चालवत असे. मुलगी कडेवरच होती. नुकसानीचा अंदाज घ्यायचा म्हणून मी विचारले, "यंत्रात काय काय होते?"

"चादरी व्हत्या," ती म्हणाली.

"चादरी," कोठडीतून आवाज आला.

मी थांबलो. ती खाली बघत म्हणाली, "अभ्रे."

"अभ्रे."

"बाईसाहेबांचं पातळ."

"पातळ," म्हातारा म्हणाला, आणि गज धरून उभा राहिला.

हवालदार त्याला दटावायला उठला. मी त्याला खाली बसवले. बाईच्या डोळ्यांना धार लागली होती. "वडील हायेत माजे," ती म्हणाली.

मग सगळे कळले. तिने जातीबाहेर लग्न केले तेव्हा जातीच्या पंचांनी बापाला शपथ घातली होती. मुलगी मेली असे समजायचे, तिच्याशी बोलायचे नाही. पण बंगल्याचे धुणे द्यायला तीच आणि न्यायला तोच. ती एकेक कपडा नाव घेऊन पुढे करायची, तो तेच नाव घेऊन ठेवून घ्यायचा. शपथ न मोडता एवढेच बोलता येत होते. यंत्र आले आणि तेही बंद झाले.

"नात झाल्याचं कळलं, म्हून बघाया गेलतो," म्हातारा गजांमागून म्हणाला. "पर साहेब, हे लिवू नका. मेलेल्या पोरीला बघाया गेलतो असं कसं लिवून देऊ? घरी म्हातारी हाय. तिलाबी वाळीत टाकतील."

जिथे नात निजली होती त्या भिंतीला लागून हा माणूस आग लावील, हे मला पटेना. पण मला न पटून भागत नव्हते. कोर्टाला पुरावा लागतो. मी मुलीला यंत्राबद्दल विचारले.

"हात लावला की मुंग्या यायच्या, साहेब. जळका वासबी यायचा. बाईसाहेबांस्नी सांगितलं, तर म्हनल्या लाकडी पाटावर उभी राहत जा. त्या दिशी पोर उठून रडाया लागली, म्हून यंत्र चालूच ठिवून तिला पुन्ना निजवाया गेले."

विजेच्या कामाचा माणूस बोलावला आणि साक्षीदारांसमोर यंत्र उघडले. बाहेरचा पत्रा नुसता काळवंडला होता, पण मोटारीतल्या तारा वितळून गोळा झाल्या होत्या. वायरीवरचे रबर जागोजागी तडकलेले होते. रॉकेलचा मागमूस नव्हता, खिडकीची कडीही आतून लागलेली. आग यंत्राच्या पोटातूनच निघाली होती. मालकांनी जरा खळखळ केली, पण पाटाची गोष्ट काढताच तेही नरमले. म्हातारा कुंपणाशी कशाला गेला होता, हे लिहिण्याची गरजच उरली नाही.

त्याला सोडले तेव्हा मुलगी पोरीला कडेवर घेऊन ठाण्याच्या ओसरीवर उभी होती. तिच्याकडे न बघता तो मला म्हणाला, "साहेब, त्या बाईला सांगा, मुंग्या येत्यात त्या यंत्राला हात लावायचा न्हाई. दुसरं आनलं तरीबी."

ती हातभर अंतरावर होती. तरी मी वळून तिला तसेच्या तसे सांगितले.

"न्हाई लावनार म्हनावं," ती म्हणाली. "अन् इचारा, आईचा गुडगा कसा हाय?"

मी विचारले. "लय दुखतो. सारखी हिचीच आठवन काढती," तो म्हणाला. तेही मी सांगितले. हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग म्हातारा जवळ आला. "साहेब, जरा ती पोर तुमी घेता का? तुमच्या हातात असली म्हंजी मला बघता यील."

मी टोपी काढून ठेवली आणि नातीला घेतले. त्याचे मन भरेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

गप्प बसणारा आरोपी गुन्हेगारच असतो असे नाही, आणि यंत्राला जळका वास येतो म्हणून कोणी सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये, हे मी पुढे नव्या फौजदारांना सांगत आलो. माझी स्वतःची मुलगी आता लांब सासरी आहे. वर्ष वर्ष भेट होत नाही. ती ओसरी आठवली की मी तिला पत्र लिहायला बसतो. मला कोणी शपथ घातलेली नाही. म्हणून इकडील सर्व क्षेम एवढ्यावर थांबत नाही. तुझी फार आठवण येते, हे सरळ लिहितो.