दिसतंय, की हवंय?

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अर्जापलीकडे मराठीत फारसं काही लिहिलेलं नाही. मुकादम सरांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहू शकणारी माणसं असतील. त्यांनी लिहिलं नाही, म्हणून हे धाडस. सांभाळून घ्या.

सर मूळचे दाभोळचे. वीस वर्षं सौदीत, बायको-मुलगी गावी. यान्बूच्या आमच्या प्रयोगशाळेत प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडायचे, त्यातून ढगासारखा एक नकाशा मिळायचा आणि त्या ढगात अणू बसवायचे, हे आमचं काम. बसवणं, सुधारणं, तपासणं सगळं संगणकच करायचा. शेवटी अहवाल यायचा : लाल म्हणजे वाईट, निळा म्हणजे उत्तम. निळा दिसला की सगळे उठायचे. सर तेव्हा बसायचे. चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला टेकवून एकेक पाण्याचा रेणू बघायचे.

"बाबू, हे पाणी दिसतंय, की हवंय?"

"सर, प्रोग्रॅमनंच बसवलंय."

"त्याला काय, मेल्या! जागा दिसली की भरतो."

खिडकीतून रिफायनरीच्या ज्वाळा दिसायच्या. "ते तेल रिफाइन करतात, आपण प्रोटीन," डोळे चोळत ते म्हणायचे. "दमतो दोघंही. त्यांचं निदान विकलं जातं."

माझ्या प्रबंधाचा सगळा भार एका रेणूवर होता. प्रथिनाच्या खोबणीत आमचं औषध बसलेलं मला सापडलं होतं. अहवाल निळा. त्यावर निघणाऱ्या पेपरवर सरांचाही करार वाढायचा होता, आणि करार नाही तर इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी घरी फोन करून सांगूनही टाकलं होतं. वडिलांना काही कळलं नाही, पण त्यांनी गॅरेजात पेढे वाटले.

सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "औषध काढ. रिकामी खोबण ठेवून पुन्हा चालव. खरं असेल तर ढगात त्याचा आकार परत उमटेल."

उमटला नाही. राहिला एक लहानसा ठिपका. स्फटिक वाढवायला आम्हीच घातलेल्या ग्लिसरॉलचा. अहवालाच्या आतल्या पानावर औषधापुढे 'नकाशाशी जुळत नाही' असा शेरा होता. निळ्याच्या आनंदात मी तो वाचलाच नव्हता.

"सर, आता तुमचं?"

"माझं काय? खलास." ते टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला पायानं शोधत होते. "तुझं वय आहे, दुसरे स्फटिक वाढव. यल्ला, चहा घेऊ."

दोन महिन्यांनी करार संपला आणि ते गावी परतले. विमानतळावर मला पोचवायला येऊ दिलं नाही. माझे दुसरे स्फटिक वाढले, वर्ष गेलं, औषध या वेळी खरंच दिसलं. मी सरांना चित्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्या नंबरवरून मुलीचा निरोप आला. अब्बा गेले. यकृताचा आजार होता, कुणाला कळवू दिलं नाही. पुढे तिनं लिहिलं होतं :

"शेवटी आम्ही रोज म्हणायचो, अब्बा, आज चेहरा बरा दिसतोय. तर हसून विचारायचे, दिसतोय, की हवाय? तुमच्याकडे असं काही म्हणायचे का ते? आम्हाला कळलं नाही."