घोड्यावर नसलेला नवरदेव

पुंजाजींनी आजवर चार धंदे केले आणि चारही धंद्यांत भांडवल एकच होतं, गोष्ट. चिखलीला साड्यांच्या दुकानात होते तेव्हा प्रत्येक साडीमागे ते एक नणंद आणि एक भावजय उभी करत. गोष्ट पुरी ऐकून रिकाम्या हातांनी उठायची बायकांना लाज वाटे. पुढे एका डॉक्टरकडे कंपाउंडर झाले. गोष्टीतला वाघ झाडीतून बाहेर येईपर्यंत पोराला सुई टोचून झालेली असे. विम्याच्या धंद्यात मात्र बिघडलं. अकाली गेलेल्या माणसाची गोष्ट त्यांनी इतकी रंगवली की गिऱ्हाईक छाती धरून दवाखान्यात भरती झालं.

तेव्हापासून ते अमडापूरजवळच्या आपल्या गावात ऑटोवर भोंगा लावून पुकारा करतात. लसीकरण, रेशन, हरवलेली शेळी, सगळं त्यांच्या तोंडून.

एका सोमवारी सरपंच सिंधूताईंनी बोलावलं.

"पुंजाजीभाऊ, शुक्रवारच्या ग्रामसभेले पंचायत समितीचे साहेब येऊन राह्यले. शंभर माणसं पायजेत. नाही जमली, तर पुढच्या हप्त्यापासून भोंग्यावर रेकॉर्डिंग वाजन. मंग तुमी घरी बसा."

हे काम सोपं नव्हतं. कारण पहिल्या ग्रामसभेला जायची गावात रीतच नव्हती. माणसं कमी पडली की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला संख्येची अट नसते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पहिल्या सभेला वेळेवर येई तो फक्त चहावाला.

मंगळवारी सकाळी भोंगा गरजला, "ऐका हो ऐका! एका गावात वरात आली. बँड आला, वऱ्हाड आलं, घोडा आला. पण घोड्यावर नवरदेवच नाही! कुठं गेला? शुक्रवारी अकरा वाजता, ग्रामसभेत!"

बुधवारी नवरीच्या मामानं विहिरीत वाकून पाहिलं. गुरुवारी घोड्याच्या तोंडात नवरदेवाचा शेला सापडला. गावात दुसरा विषय उरला नाही.

"काहो, कुठं गेला तो?" भाकरी थापता थापता जनकाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मलेच माहीत नाही," पुंजाजी म्हणाले. आणि ते खरं होतं.

शुक्रवारी दीडशे माणसं आली. साहेब खूश, सिंधूताई खूश. ग्रामसेवकानं विषयपत्रिका उघडली तसा मागून उत्तमराव ओरडला, "ते ठेवा बाजूले! आधी नवरदेव!"

"हाव, आधी नवरदेव!" पुढच्या रांगेतून जनकाबाईच म्हणाल्या.

पुंजाजी उभे राहिले. डोकं कोरं होतं. नजर ग्रामसेवकाच्या हातातल्या कागदावर गेली. त्यावर लिहिलं होतं, शाळेजवळच्या हँडपंपाची दुरुस्ती पूर्ण.

"नवरदेवाले तहान लागली," ते म्हणाले. "तो घोड्यावरून उतरला न् शाळेजवळच्या हँडपंपावर गेला."

"तो पंप दोन वर्सांपासून बंद हाये बे!" उत्तमराव म्हणाला.

"म्हणून तर तो परत नाही आला ना भाऊ! हापसून हापसून थकला न् पाण्यासाठी दुसऱ्या आळीत गेला."

"आमच्या आळीत? तिथं तर नाली उघडी हाये, पडन ना तो!" एक बाई कळवळून म्हणाली.

"पडलाच तो बाई," पुंजाजी म्हणाले.

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "ही नाली तर पूर्ण झाल्याचं लिहिलंय?"

"मंग पोरगं पडलं कशात?" सगळं गाव एका सुरात म्हणालं. मग ज्यानं त्यानं आपापल्या दारापुढचा खड्डा सांगितला. साहेब लिहीत होते. सिंधूताई अशा पाहत होत्या की पुंजाजींनी मनातल्या मनात ऑटोचा भोंगा उतरवूनही ठेवला.

सोमवारी सकाळी निरोप आला. पुंजाजी टोपी हातात घेऊन पंचायतीत गेले. बाहेर नालीवर टाकायच्या फरश्या उतरत होत्या.

"साहेब पंधरा दिवसांनी पुन्हा सभा घेऊन राह्यले," सिंधूताई दातओठ खात म्हणाल्या. "त्यायले बी तो नवरदेव पायजे. रेकॉर्डिंगले गोष्ट येत नाही म्हणून वाचले तुमी. जा, भोंगा लावा. पण भाऊ, हात जोडते, त्याले आता सरळ रस्त्यानं मांडवात न्या."

पुंजाजींनी मान डोलावली. पण बाहेर येऊन ऑटोत बसल्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले, की गावात तसा सरळ रस्ता आहे कुठला?