पाटीवरच्या वेगाने पनवेल ते म्हसळा

दीड वर्ष मी नवऱ्याच्या गाडीत बसले नव्हते. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, संसार व्यवस्थित चालू होता. फक्त तो गाडी चालवत असेल तर मी त्या गाडीत नसे. साताऱ्याला मावसबहिणीचं लग्न होतं तेव्हा मिलिंद गाडीने गेला आणि मी पनवेल डेपोतून एसटीने. तो माझ्या आधी पोहोचून, जेवून, हॉलच्या दारात दात कोरत उभा होता. सासरच्या लोकांना वाटलं, आमचं काहीतरी बिनसलंय. ‘हिला एसटीची हौस आहे,’ असं तो सगळ्यांना हसून सांगायचा आणि मी मान डोलवायचे.

कारण एवढंच, की कोन गावाजवळ एकदा एक्स्प्रेसवेला लागलं की या माणसाचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जड होतो. दर आठवड्याला कामासाठी पुण्याला जातो, त्यामुळे तो रस्ता आपल्या तीर्थरूपांनीच बांधला अशी त्याची समजूत आहे. ‘ऐंशी हे ट्रकवाल्यांसाठी असतं गं,’ हे त्याचं आवडतं वाक्य. एका संध्याकाळी घाटात वळणावर ओव्हरटेक करताना आमची गाडी घसरली, स्वतःभोवती अर्धी फिरली आणि कठड्याच्या अलीकडे थांबली. कोणाला खरचटलंही नाही. तो म्हणाला, “काही झालं नाही ना? मग?” त्या ‘मग’नंतर मी एसटी धरली.

आता सहलीकडे वळते. आम्ही पनवेलजवळ विचुंबेला राहायला आलो तेव्हा नळ, टाइल्स, सिंक सगळं ज्यांच्या दुकानातून घेतलं ते शकीलभाई. पनवेलच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं ते आखातात ड्रायव्हर होते. गाव म्हसळ्याच्या पुढे. त्यांच्या भाचीचं, नाझनीनचं, लग्न ठरलं आणि त्यांनी आम्हाला आग्रहाने बोलावलं. नाझनीनच्या शाळा-कॉलेजचं सगळं शकीलभाईंनीच बघितलेलं, त्यामुळे निकाहाला गवाह, म्हणजे साक्षीदार, मामूच हवा, असं तिने घरात सांगून ठेवलं होतं. त्यांची बायको रुखसानाभाभी आठवडाभर आधीच गावी गेलेली. “तुमच्याच गाडीत येतो, रस्ताबी दाखवतो,” शकीलभाई म्हणाले. आता तिघांपैकी एकटीने एसटीने जाणं बरं दिसलं नसतं. मलाही जायचं होतंच.

मग मी अट घातली. पाटीवर जो आकडा असेल त्याच्या वर काटा जाता कामा नये. पाटी नसेल तिथे साठ. एकदा जरी मोडलं तर मी पुढच्या स्टँडवर उतरून एसटी धरणार, आणि मग हा विषय आपल्यात कायमचा संपला. मिलिंदनेही अट घातली. मी एक शब्द बोलायचा नाही. ‘बघ’ नाही, ‘सांभाळ’ नाही, ‘अरे देवा’ तर अजिबात नाही. मला हे जास्त कठीण वाटलं, पण कबूल केलं.

फेब्रुवारीतला रविवार. सकाळी साडेसातला निघालो. निकाह दुपारच्या नमाजानंतर, म्हणजे दीडच्या सुमारास. एरवी चार तास पुरतात, त्यामुळे निवांत होतो. पाहुणे म्हणून शकीलभाई पुढे बसले आणि मी मागे, जिथून काटा दिसत नाही. हे एका परीने बरंच झालं. पण शकीलभाईंना आमची अट कळली आणि त्यांनी बातमीदाराचं काम अंगावर घेतलं. पळस्पे फाटा सोडून गोवा हायवेला लागतोय तोच ते वाकून बघत म्हणाले, “वहिनी, साठ. बेफिकर राव्हा.”

“तुम्ही आखातात किती वेगाने चालवायचात?” मी विचारलं.

“पाटीवर असल तेवढंच. एक आकडा वर नाय. तिकडे कॅमेरा हाय ना.”

“आणि इकडे?”

“इकडे कोण हाय?” असं म्हणून ते इतक्या मोकळेपणाने हसले की मिलिंदलाही हसू आलं. मला मात्र कळलं, की पुढच्या सीटवर दोघेही एकाच पक्षाचे बसलेत.

कर्नाळ्याचा चढ सकाळी फार सुंदर असतो. झाडीतून ऊन गाळून येतं आणि आपण हळू असलो तर पक्षीसुद्धा ऐकू येतात. हे मला आजवर एसटीतूनच माहीत होतं. पुढे पेणपर्यंत रस्ता बरा. त्यानंतर चौपदरीकरणाचं काम चालू आहे, त्यामुळे जाणाऱ्यांनी कंबर सांभाळावी. ‘वेगमर्यादा ३०’ अशी पाटी जिथे दिसली तिथे खड्डे पंधराच्या वर जाऊच देत नव्हते. कायदा पाळायला एवढी मदत मी कुठल्याच खात्याकडून पाहिली नाही.

वडखळला चहा आणि वडापाव. वडा गरम होता आणि चटणीत लसूण सढळ. तिघांचं मिळून शंभरच्या आतच झालं. पांढऱ्या कांद्यांच्या माळा नुकत्याच आल्या होत्या, दोन घेतल्या. टपरीच्या बाकावर एक एसटीचे ड्रायव्हर आणि तिचाकी मिनिडोर चालवणारा एक मिनिडोरवाला बसले होते. मिलिंदने आपलं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडलं. गाड्या बदलल्या, ब्रेक बदलले, रस्ते बदलले आणि पाट्यांवरचे आकडे मात्र तेच, याला काय अर्थ आहे?

मिनिडोरवाला म्हणाला, “माजी गारी साठाच्या वर पलतच नाय. मंग मी कायद्याचाच मानूस नाय का?”

एसटीचे ड्रायव्हर चहा फुंकत म्हणाले, “आमच्या गाडीला कंपनीनेच वेगाचं कुलूप लावलंय. पाय कितीही दाबा. मागून लोक ओरडतात, काय हो, ढकलत नेताय का?”

मी मोठ्या आशेने विचारलं, “पण बरंच आहे ना ते कुलूप?”

“खरं सांगू ताई? काढलं तर मीही पळवीन.”

दीड वर्ष ज्या एसटीवर मी विश्वासाने बसत होते तिच्याबद्दल हे ऐकून माझा वडा हातातच राहिला. मिलिंद गाडीपर्यंत येताना नुसता खांद्यांनी हसत होता.

नागोठणं सोडलं आणि कोलाडच्या अलीकडे सगळं थांबलं. कच्च्या वळणरस्त्यावर एक लांबलचक ट्रेलर आडवा रुतला होता आणि दोन्हीकडे रांगा. लोक आधी हॉर्न वाजवत होते, मग उतरून कमरेवर हात ठेवून उभे राहिले, मग एकमेकांना काकड्या विकत घेऊन देऊ लागले. क्रेन यायला उशीर, ट्रेलर निघायला उशीर, आणि तो निघाल्यावर दोन्हीकडच्या गाड्या एकदम घुसल्यामुळे आणखी उशीर. आम्ही माणगावात पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. जेवणाचा विचारही कोणी केला नाही.

माणगावला हायवे सोडून म्हसळ्याच्या रस्त्याला वळलो. हा रस्ता तुम्हाला आवडेल. अरुंद आहे पण डांबर चांगलं, दोन्ही बाजूंना साग, काजू, मधेच मोकळी भातखाचरं आणि गर्दी अजिबात नाही. वळणांमुळे पाट्या मात्र चाळीसच्या. मिलिंदने गाडी चाळीसवर आणली. समोर रस्ता दूरवर रिकामा दिसत होता.

शकीलभाईंचा फोन वाजला. रुखसानाभाभी होत्या, आवाज मागेपर्यंत येत होता. मौलाना आलेत, त्यांना पुढे दुसऱ्या गावी निकाह पढवायला जायचंय, कुठे आहात? “येतो, येतो. जवळच हाय,” असं म्हणून शकीलभाईंनी फोन ठेवला. जवळ काही नव्हतो. त्यांनी रुमालाने मान पुसली, टोपी काढली, पुन्हा घातली. काट्याकडे बघून आकडा सांगणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. गंमत म्हणजे ते मिलिंदला एका शब्दाने म्हणाले नाहीत. अट त्यांना माहीत होती आणि ते पाहुणे होते. मला ते बघवेना.

दुसरा फोन आला आणि मीच बोलले. “मिलिंद, घे जरा जोरात. मी नाही काही म्हणणार.”

गाडी त्याच वेगाने चालत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

“अरे, मी सांगतेय ना. रस्ता रिकामा आहे. एवढं एकदाच.”

“नको,” तो म्हणाला.

“त्यांची एकुलती एक भाची आहे!”

“माहीत आहे गं. पण घाटातल्या त्या दिवशीसुद्धा मला घाईच होती. कारण असतंच, रोज असतं.” मग शकीलभाईंकडे वळून म्हणाला, “शकीलभाई, मला माफ करा.”

शकीलभाईंनी नुसती मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो होता की नाही, मला अजून सांगता येणार नाही.

मला नवऱ्याचा भयंकर राग आला. दीड वर्ष जे मागत होते तेच तो देत होता, आणि मला त्याला मागून एक गुद्दा घालावासा वाटत होता. घोणसे घाट आला, त्याने आणखी हळू घेतलं. हे सगळं वाचताना तुम्हाला वाटत असेल की आता एखादी म्हैस आडवी येणार, आणि हळू होतो म्हणून वाचलो असं मी लिहिणार. मला तसं लिहायला फार आवडलं असतं. पण काहीही आडवं आलं नाही. म्हसळ्यापर्यंत दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो भेटला, तेही आपापल्या बाजूने सरळ गेले. मिलिंदने पळवली असती तर आम्ही बिनधोक आणि वेळेवर पोहोचलो असतो.

सव्वादोनला मांडवाशी उतरलो तर दारातच एका आजोबांनी आमच्या तिघांच्या हातावर खजूर ठेवले. मला कळलं नाही, शकीलभाईंना कळलं. खजूर निकाहानंतर वाटतात. थोरले काका गवाह झाले होते. मौलाना थांबून थांबून शेवटी पढवून निघून गेले होते, त्यांची गाडी आम्हाला गावाच्या वेशीवर भेटलीही असेल. शकीलभाई हातातल्या खजुराकडे क्षणभर बघत राहिले. मग तो तोंडात टाकून म्हणाले, “चला, आधी जेवून घ्या. खाना थंड होईल.” आणि एकटेच आत गेले.

बायकांच्या बाजूला मला नेलं तेव्हा मी ते पाहिलं. नाझनीन लाल ओढणीत बसली होती आणि मामूच्या दंडावर बुक्क्या मारत रडत होती. “कितनी राह देखी मी!” असं तिचं अर्धं हिंदी, अर्धं मराठी चाललेलं. शकीलभाई मार खात उभे होते. मग ती त्यांना बिलगली. पहिले दोन घास मी नुसते ताटात चिवडले. नंतर रुखसानाभाभींनी नारळाच्या दुधातली गोड, मऊ सांदणं वाढली आणि मी निर्लज्जासारखी चार खाल्ली. तांदळाचा तो वास मला अजून आठवतो. कोकणी मुसलमानांच्या घरी लग्नाचं आमंत्रण आलं तर कुठलंही कारण सांगून टाळू नका.

रात्री तिथेच राहिलो. सोमवारी सकाळी आम्ही दोघं दिवेआगरला जाऊन आलो. समुद्र लांब, स्वच्छ, आणि सुट्टीचा वार नसल्यामुळे आमच्यासाठीच ठेवल्यासारखा. मोदक हवे असतील तर खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा, आम्ही विसरलो आणि आमटीभातावर समाधान मानलं. वाळूत चालताना मिलिंद म्हणाला, “तो रस्ता मोकळा होता गं. गेलो असतो आपण.” मी म्हटलं, “हो, गेलो असतो.” आम्ही दोघंही थोडे खजील होतो, आणि तरी मला खूप दिवसांनी त्याच्या शेजारी चालायला छान वाटत होतं.

परत निघायला गावात आलो तर शकीलभाईंच्या मेव्हण्याची मोठी गाडी पनवेलकडेच निघालेली. एसी, ऐसपैस जागा, आणि मेव्हणा म्हणे तीन तासांत पनवेल गाठतो. तो शकीलभाईंची बॅग उचलायलाही आला. मी मनात म्हटलं, जाऊ देत, त्यांचा हक्कच आहे. शकीलभाईंनी बॅग त्याच्या हातातून काढून आमच्या डिकीत ठेवली. रुखसानाभाभींचीही ठेवली. मेव्हणा बघतच राहिला.

“हिला गाडी लागते,” शकीलभाई त्याला म्हणाले. “मिलिंदभाई बराबर चालवतात.”

भाभींना गाडी लागते हे भाभींनाही नवीन होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते स्पष्ट दिसलं. पण त्या मान डोलवून माझ्या शेजारी मागे येऊन बसल्या. मिलिंदने आरसा नीट केला, दोनदा घसा खाकरला आणि गाडी सुरू केली.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. पेट्रोल जाऊन-येऊन पावणेदोन हजारांच्या आत. हायवेचं काम संपेपर्यंत कोलाडच्या आसपास वेळ हाताशी ठेवा, आणि लग्नाला जाणार असाल तर सरळ आदल्या दिवशी जा. आम्हीही तेच करायला हवं होतं. जाताना लागलेला वेळ मी वर दिला आहेच. परतीचा मात्र मला सांगता येत नाही. माणगावच्या स्टँडवर लागलेली पनवेल गाडी मी खिडकीतून पाहिली, एवढं आठवतं. त्यानंतर मी एकदम विचुंबेला आमच्या बिल्डिंगखालीच जागी झाले. बाहेर अजून उजेड होता. शकीलभाई आणि भाभी बाजारात केव्हाच उतरून गेले होते, ‘उठवू नका तिला’ असं सांगून. इंजिन बंद होतं आणि मिलिंद स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून होता.

“कितीने आणली, विचार ना,” तो म्हणाला.

मी कांद्यांच्या माळा उचलल्या आणि जिना चढायला लागले. माणगाव ते पनवेल आम्ही किती वेगाने आलो, ते मला आजही माहीत नाही.