दुपारपर्यंत बसणारी पाहुणी

माझी धाकटी जाऊ मोनाली कुत्र्यांची पिल्लं विकते हे ऐकलं की लोक नाक मुरडतात. मुरडू द्या. कुत्री मलाही आवडत नाहीत, आजही नाहीत. पण मोनालीबद्दल दुसरं कोणी वाकडं बोललं तर त्याची खैर नाही. तो हक्क माझा एकटीचा आहे, कारण एकाच अंगणात राहून तिचं सगळं मीच सोसते.

आमचं घर नागपूरजवळ खापरखेड्याला. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली तिच्या लॅब्रेडॉर कुत्र्यांची खोली आहे. टिनाच्या छतावर ऊन लागू नये म्हणून भाताच्या तणसाचा जाड थर. फरशी मुद्दाम खरबरीत, कारण गुळगुळीत फरशीवर पिल्लांचे पाय फाकतात म्हणे. व्यायलेल्या कुत्रीच्या कोपऱ्यात भिंतीपासून वीतभर सोडून एक आडवी दांडी ठोकली आहे. आईनं अंग टाकलं तर पिल्लू भिंतीशी चिरडू नये, दांडीखाली सुटावं, म्हणून. गावच्या कोळशाच्या वीज केंद्राची राख उडून येते, ती ही बाई सकाळ-संध्याकाळ पुसते. उन्हाळ्यात कूलर आधी तिकडे लागतो, मग आमच्याकडे. एकदा मी चिडून म्हटलं, "काहून वं, आम्ही माणसं दिसून नाही राहिलो का तुले?"

"ताई, तुम्ही कूलर मागू तरी शकता," ती म्हणाली. "त्याइले कुठी मागता येते?"

मी पदरानं वारा घेत बसले.

कुत्री माजावर आली की दर वेळी लावायची आणि पिल्लांवर पिल्लं काढायची, असे धंदेवाईक आमच्याकडे पुष्कळ आहेत. मोनाली मधली वेळ सोडते. तीन बाळंतपणं झाली की त्या कुत्रीला कायमची सुट्टी, मग ती नुसती खाते आणि लोळते. दोन महिने पुरे झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडत नाही. आणि सगळ्यात तऱ्हेवाईक म्हणजे, पिल्लू देण्याआधी त्याचं घर पाहायला जाते. पिल्लाच्या आईला सोबत घेऊन! उन्हाळ्यात सकाळच्या गारव्यात जाते आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहते. सकाळी कोणाचंही घर चांगलंच दिसतं, नागपूरच्या उन्हात ते कसं राहतं ते पाहायचं, असं तिचं म्हणणं.

यंदा बेसन नावाची तिची कुत्री व्याली. रंगानं बेसनासारखीच, म्हणून हे नाव. तिच्या एका पिल्लाला मागणी आली ती थेट रजतसाहेबांकडून. साहेबांचा राखेच्या विटांचा कारखाना आहे आणि मोनालीचा नवरा, म्हणजे माझा दीर प्रेमानंद, त्यांचाच ट्रक चालवतो. मला वाटलं, घरबसल्या देव पावला. पिल्लू टोपलीत घालावं, वर झेंडूचं फूल ठेवावं आणि देऊन टाकावं.

"घर पाहीन, मंग सांगीन," मोनाली म्हणाली.

"अवं, नवऱ्याच्या मालकाचं घर पाहतेस?"

"मालक त्याह्यचा हाय. पिल्लाचा अजून व्हायचा हाय."

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला होता. पोरीचं स्थळ पाहायला थोरलीला नेतात तसं तिनं मला नेलं. सकाळीच ऑटोनं नागपुरातलं मनीषनगर गाठलं, बेसनच्या अंगावर ओला टॉवेल. साहेबांच्या बायको रितिकाताईंनी पोहे दिले, सरबत दिलं. मग चहा झाला. मग बोलणं संपलं. ताई घड्याळ पाहू लागल्या, मी मोनालीला कोपरानं ढोसू लागले, आणि ही आपली सोफ्यावर मांडी ठोकून! साहेब जेवायला घरी आले तरी पाहुण्या घरातच. मी लाजेनं अर्धी झाले.

ऊन डोक्यावर आल्यावर मोनाली उठली. "साहेब, आता दाखवा. पिल्लू कुठी राहीन?"

साहेबांनी कौतुकानं गच्चीवर नेलं. नवाकोरा लोखंडी पिंजरा, वर रंगीत पत्रा, शेजारी चकचकीत वाडगी. गच्चीच्या दाराशी बेसन थांबली. फरशीवर एक पाय टेकला आणि झटकन मागे घेतला. मोनालीनं तिला सावलीतच ठेवलं, स्वतःच्या चपला काढल्या आणि अनवाणी जाऊन पिंजऱ्यात बसली. परत आली तेव्हा तळवे लालभडक झाले होते.

"नाही जमत साहेब. घरात ठेवणार असाल तर सांगा."

"अवं, घरात सोफा खराब होते, केस पडतात," साहेब हसत म्हणाले. "कुत्ताच तर आहे."

"मंग तुम्ही कुत्रा नका पाळू."

साहेबांचं हसू गेलं. ऊन उतरल्यावर परत येताना ऑटोत मी तिला अशा शिव्या घातल्या की ऑटोवाला मागे वळून पाहू लागला. ती बेसनच्या पायावर पाणी ओतत बसली होती.

त्याच आठवड्यात, प्रेमानंद जेवायला घरी आला असताना साहेबांची गाडी मागच्या अंगणाच्या फाटकाशी थांबली. साहेब आत आले नाहीत, बॉनेटला टेकून उभे राहिले.

"प्रेमानंद, तुह्या बायकोले समजाव. पिल्लू आण, गाडीत ठेव. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

प्रेमानंद कधी मोठ्यानं न बोललेला माणूस. तो मोनालीकडे पाहू लागला. मोनाली बेसनच्या खोलीच्या दारात उभी होती, हात पिठानं भरलेले.

"साहेब," ती म्हणाली, "या पिल्लानं जन्म नाही मागितला. मी ठरवून, कुत्रा शोधून, त्याले जन्माले घातलं. आता ते पोळलं तर तुम्ही नाही, मी पोळवलं. तुम्ही याह्यले कामावरून काढा. पिल्लू नाही भेटत."

"ऐकलंस?" साहेब प्रेमानंदला म्हणाले. "आता तू बोल. समजावतोस का?"

प्रेमानंदनं खिशात हात घातला. ट्रकची चावी काढली, फाटकाबाहेर गेला आणि साहेबांच्या हाताशेजारी बॉनेटवर ठेवली.

"तिनंच मले समजावलं साहेब," तो म्हणाला. "लग्न झालं तवापासून समजावून राहिली. आता कुठी समजलं."

साहेब काय काय बोलले ते मी इथे सांगत नाही, ते सांगण्यासारखं नाही. उद्या घरात काय शिजणार, हाच विचार माझ्या डोक्यात भणभणत होता. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. आणि तरी कुत्री न आवडणारी मी बाई तरातरा पुढे गेले, "झालं न बोलून? निघा आता," असं साहेबांच्या तोंडावर म्हटलं आणि दणकन फाटक लावलं.