आठ दिवसांची सोय

इथे आखातात, तुबली भागात एका गॅरेजपाशी एका मराठी कुटुंबातली म्हातारी उन्हात वाट चुकून उभी असलेली सापडली, तेव्हा आमच्या मराठी मंडळाला कळलं की आपल्या लोकांच्या घरांत आजारी माणसंही असतात. म्हातारी सुखरूप घरी पोचली. मंडळाने योजना आखायला घेतली. 'काळजीवाहक साहाय्य योजना' हे नाव पहिल्याच बैठकीत ठरलं. त्या बैठकीत ठरलेली ती एकमेव गोष्ट.

मंडळ लहान होतं, आता ते बंद पडलं आहे. अध्यक्ष जनाबियातल्या व्हिलात राहणारे ठेकेदार होते आणि चिटणीस एका कंपनीत अकाउंट्स पाहायचे. मी पूर्वी मुंबईत वर्तमानपत्रात होतो, म्हणून बैठकांचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे होतं.

झिंजमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर वसईचं एक ख्रिस्ती जोडपं राहायचं. नवरा हॉटेलात शिफ्टवर. त्याच्या आईलाही काही आठवत नसे. दार उघडं दिसलं की ती बाहेर पडे. तिला सांभाळण्यासाठी सुनेने दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी सोडली होती. बाहेरून कुलूप लावल्याशिवाय ती कचरासुद्धा टाकायला खाली जात नसे. तिचे वडील वसईत अंथरुणाला खिळले होते. त्यांना एकदा भेटून यायचं, एवढंच तिला हवं होतं. नवऱ्याची रजा आईच्याच आजारपणात संपलेली होती.

दुसऱ्या बैठकीला तिला बोलावलं. माझी बायको वर सासूजवळ बसली, म्हणून ती येऊ शकली. बैठकीत आम्ही सगळे पुरुष होतो.

"वहिनी, मोकळेपणाने सांगा," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या भावना आम्हाला समजून घ्यायच्या आहेत."

"भावना नकोत, माणसं पाहिजेत," ती म्हणाली. "आठ दिवस. मिस्टर ड्यूटीवर असतील तेवढा वेळ कोणीतरी मम्मीजवळ बसायचं. खालच्या वहिनी दोन दिवस बघतील. बाकीच्या दिवसांचं तुम्ही वाटून घ्या."

चिटणिसांनी हे लिहून घेतलं आणि त्याला 'अपेक्षा' असं शीर्षक दिलं. ती गेल्यावर चर्चा सुरू झाली. कोणाच्या बायकोला सवय नव्हती. कोणाच्या मुलांची ऑनलाइन परीक्षा होती. एकाने विचारलं, म्हातारी पडली तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नाने सगळ्यांना हायसं वाटलं. मग अध्यक्षांनी तोडगा काढला: तिचा सत्कार करायचा.

यानंतरची चर्चा मी ऐकलेल्या सर्वांत गंभीर चर्चांपैकी होती. शाल द्यायची यावर एकमत होतं. श्रीफळावर मतभेद झाले.

"ख्रिश्चन बाईला नारळ चालेल का?"

"अहो, वसईचे आहेत ते. नारळाशिवाय त्यांचं कालवण होतं का?"

"कालवणाचं नाही विचारत. हातात देण्याचं विचारतोय."

नारळ चालेल असं ठरलं, पण कुंकू लावायचं नाही. या उदारपणाची नोंद वृत्तान्तात घ्यावी असं मला दोनदा सांगण्यात आलं. तिच्या आठ दिवसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

तिने सत्कारासाठी मंडळाच्या हॉलवर यायला नकार दिला. तेव्हा मंडळ तिच्या घरी गेलं. शुक्रवारची दुपार, नवरा ड्यूटीवर. कार्यकारिणी आणि एक कॅमेरेवाला त्या छोट्या हॉलमध्ये कसेबसे मावले. अध्यक्षांनी शाल उलगडली. सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने एकेकाचा चेहरा पाहिला.

"सगळे आलात?"

"सगळे, वहिनी. खास तुमच्यासाठी."

"मग बसा. मम्मीची औषधं संपलीत. आलेच मी."

ती पर्स घेऊन बाहेर पडली आणि सवयीप्रमाणे बाहेरून कुलूप लावलं. ते सवयीने होतं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

म्हातारीने शाल आपल्या अंगावर घेतली आणि अध्यक्षांपुढे उभी राहिली. "तू कोणाचा पोर रे? वाडीतला नाय दिसत. दार उघड, माझी कोंबडी बाहेर रायली."

"आजी, कोंबड्या आत आहेत," चिटणीस म्हणाले.

"मग दाखव."

म्हातारीने दार बडवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने अध्यक्षही तिच्या शेजारी उभे राहून दार बडवू लागले. मधल्या वेळात म्हातारीला कपड्यांतच लघवी झाली. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने फोन बाहेर काढला आणि त्यात डोकं घातलं. मी खाली फोन लावला. पण बायको वर येऊन दाराबाहेर उभं राहण्याखेरीज काही करू शकत नव्हती.

सून औषधांची पिशवी घेऊन परतली. तिने सासूला आत नेलं, कपडे बदलले आणि बाहेर येऊन विचारलं, "मग, कोणते दिवस कोण घेतंय?"

"बघतो ना, वहिनी. पुढच्या मीटिंगला नक्की. इंशाल्ला," अध्यक्ष म्हणाले.

इथे राहणाऱ्या मराठी माणसाला या शब्दाने नाही म्हणण्याची चांगली सोय झाली आहे. तिने मान हलवली. जाताना चिटणिसांनी शाल परत मागितली, कारण फोटो राहिला होता. म्हातारी ती सोडेना. शेवटी नुसत्या नारळाचा फोटो निघाला.

पुढच्या बैठकीत गणपतीच्या वर्गणीचा विषय होता.

सुनेचे वडील गेले तेव्हा ती झिंजमध्येच होती. वसईच्या चर्चमधली प्रार्थना तिने स्वयंपाकघरात फोनवर पाहिली. सासू शेजारी बसून शालीचे गोंडे ओढत होती.

मंडळाने शोकसभा ठेवली. चिटणिसांनी तिला माझ्यासमोरच फोन केला. फोन स्पीकरवर होता.

"वहिनी, तुम्ही दोन शब्द बोलायला हवेत. सगळे येणार आहेत."

"आणि मम्मीजवळ कोण बसणार?"

"तेवढं मॅनेज करा ना प्लीज."

तिने फोन ठेवला. शोकसभेला मंडळाची उपस्थिती पूर्ण होती. आठ दिवसांत ज्यांना एक दुपार मोकळी नव्हती, ते सगळे वेळेवर आले होते, बायकांसह. अध्यक्ष काळजीवाहकांच्या त्यागावर बोलले आणि योजना यशस्वी झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. सर्वांनी उभं राहून मौन पाळलं. तिच्यासाठी पहिल्या रांगेत ठेवलेल्या खुर्चीवर कोणीतरी आपली पर्स ठेवली होती.