निळ्या संघाचे वाघमारे

सामना संपला की आम्ही टीव्हीचा आवाज बंद करत असू आणि वाघमारे आपली खुर्ची पडद्याजवळ ओढून घेत असत. खेळाडू हस्तांदोलन करत, टॉवेल गोळा करत, एकेक करून आत जात. शेवटचा मुलगा दिसेनासा होईपर्यंत वाघमारे त्यांचे चेहरे निरखत बसत. किती गुणांनी हरलो याची चर्चा मागे आमच्यात चालू असे, ते तिच्यात भाग घेत नसत. "काय पाहता एवढं?" असे मी एकदा विचारले. मागे न वळता ते म्हणाले, "कोण हसून राहिला ते बघतो."

सुधाकर वाघमारे गेल्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आपल्या मुलीच्या घरी वारले. आमच्या इथल्या मराठी मंडळाने व्हिडिओवर शोकसभा घेतली. तीत अध्यक्ष दीपक साने याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की वाघमारे जुन्या वळणाचे होते, त्यांना आधुनिक खेळाचे गणित कधी उमगले नाही. दुसरी अशी, की हवा असलेला उंच खेळाडू न मिळाल्यामुळे ते रुसून मंडळाच्या बास्केटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले. सभेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत आणि तसे लेखी सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे. मी वाघमाऱ्यांचा मित्र होतो असा माझा दावा नाही. अनेक हिवाळे मी त्यांच्याशी वाद घातला. मित्र माणसाचे निम्मेच ऐकतात, प्रतिपक्षाला मात्र त्याचे सगळे ऐकावे लागते.

वादाचे ठिकाण म्हणजे मिशिगनमधल्या नोव्हाय गावातले माझे तळघर आणि विषय म्हणजे आमच्या शहराचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ. तो अनेक वर्षे हरत होता. अमेरिकेतल्या या खेळात एक रीत आहे: जे संघ सर्वांत जास्त हरतात, त्यांना पुढच्या वर्षी मैदानात येणाऱ्या नव्या खेळाडूंमधून आधी निवड करण्याची संधी मिळते. साहजिकच, कमकुवत संघाने चार सामने जिंकून मधेच लोंबकळण्यापेक्षा सरळ तळ गाठावा आणि उद्याचा मोठा खेळाडू मिळवावा, असे मानणारा एक पक्ष तयार होतो. मी त्या पक्षाचा होतो. आजही आहे. दीपकही होता, तो आकडेवारीचे काम करतो आणि लॅपटॉप मांडीवर घेऊनच सामना बघतो.

वाघमारे एकटे विरुद्ध बाजूला. ते नागपूरचे, इंदोरा वस्तीतले. सिमेंटच्या मैदानावर अनवाणी खेळत विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचलेले, आणि पुढे मोटारींच्या सीटची चाचणी करणाऱ्या एका कंपनीत अभियंता म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षे मिशिगनमध्ये काढूनही त्यांच्या मराठीला इथली हवा लागली नव्हती.

"वाघमारेकाका, लॉन्ग टर्म बघा ना," दीपक म्हणे. "इट्स जस्ट मॅथ्स, यार."

"गणित मलाही येते, बाप्पा. नवीन पोरगा आणून ठेवाल कुठं? याच घरात नं? या घरात तर सगळे हरून राहिले."

"पण तरुण पोरांना खेळायला तर मिळतंय की. त्यांचं डेव्हलपमेंट होतंय."

"शेवटची पाच मिनिटं मिळून राहिली का त्याला? सामना बरोबरीत आला की हरता यावं म्हणून तुमचा कोच त्याला बाहेर बसवते. पोरगा त्याच पाच मिनिटांत मोठा होते. तेवढीच तुम्ही काढून घेऊन राहिले."

ते ज्याच्याविषयी बोलत तो एकोणीस वर्षांचा एक बचावपटू होता. मोसमाच्या सुरुवातीला, सामना हरला की तो टॉवेल दातांत धरून बसे. नाताळपर्यंत टॉवेल गेला. फेब्रुवारीत एका मोठ्या पराभवानंतर कॅमेरा त्याच्यावर स्थिरावला, तेव्हा तो शेजारच्याला काहीतरी सांगून खळखळून हसत होता. आम्हीही हसलो, मुलगा उमदा होता. वाघमारे मात्र खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "हा हरून नाही राहिला आता. हा हरणं शिकून राहिला." खोलीतले हसू त्या वाक्याने बंद झाले नाही, पण पातळ झाले. हिशेबात ज्याची नोंद होत नाही असे काहीतरी आमच्या डोळ्यांसमोर घडत आहे, ही शंका मला त्या क्षणी प्रथम आली. मी ती बोलून दाखवली नाही, कारण शंका म्हणजे पुरावा नव्हे.

त्याच सुमारास दीपकने त्यांना जरा टोचून विचारले, "काका, तुम्हाला हरण्याची एवढी भीती का वाटते?"

वाघमारे शांतपणे शेंगा सोलत होते. "भीती काऊन वाटेल? आमच्या घरी हरणं फुकटात येत होतं. दाराशी आणून देत होते लोक. आमच्या बापानं ते एकदाही मागून घेतलं नाही."

दीपक लॅपटॉपकडे पाहू लागला. मी वादात सहसा कोणाचा शेवटचा शब्द राहू देत नाही. त्या दिवशी राहू दिला.

हे सगळे तळघरातच राहिले असते, तर कोणाचे काही बिघडले नसते. पण आमच्या मंडळाची एक हिवाळी स्पर्धा होती: चार संघ, शाळेचे भाड्याने घेतलेले जिम आणि रविवारची सकाळ. दीपक अध्यक्ष झाल्यावर त्याने व्यावसायिक स्पर्धेची रीत इथे आणली. शेवटच्या क्रमांकाच्या संघाला पुढच्या हिवाळ्यात नवागतांमधून पहिली निवड. संघ समतोल राहावेत हा हेतू होता आणि हेतूत खोट नव्हती. सभेत ठराव एकमताने मंजूर झाला असे इतिवृत्तात लिहिले आहे. तेही खोटे आहे. वाघमाऱ्यांचा हात वर नव्हता.

निळा संघ त्यांच्याकडे होता. पंचविशीच्या आसपासची, वर्क व्हिसावर आलेली, दिवसभर पडद्यासमोर बसणारी मुले. निम्म्यांनी चेंडू इथे येऊनच हातात घेतलेला. त्यांच्यात नाशिकचा ओंकार नावाचा एक मुलगा होता. अबोल, हडकुळा, उजव्या हातानेच काय ते खेळणारा. वाघमाऱ्यांनी दोन हिवाळे त्या मुलाचा डावा हात घडवला. इतर येण्याच्या आधी दोघे जिममध्ये येत; ओंकारने उजवा हात पाठीशी धरून धावायचे, बास्केटखाली उडी मारायची आणि डाव्या हाताने चेंडू अलगद फळीवर ठेवायचा. "फेकू नको बे, ठेव. आईच्या हातात कप देऊन राहिला असं ठेव." संघ हरत होता, पण दर रविवारी थोडा कमी हरत होता. सामन्यानंतर वाघमारे पार्किंगमध्ये उभे राहून प्रत्येकाला त्याची एक चूक सांगत आणि मुले थंडीत कुडकुडत ती ऐकून घेत. कोणी हसत नसे. वाघमाऱ्यांना काय हवे होते असे मला कोणी विचारले, तर एवढेच हवे होते.

दुसऱ्या हिवाळ्याच्या जानेवारीत अभिजित आला. साडेसहा फूट उंच, पुण्याचा, राज्य पातळीवर खेळलेला. नियमाप्रमाणे त्याला पुढच्या वर्षीच संघात घेता येणार होते. तो दर रविवारी येऊन प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांवर लांब कोट घालून बसू लागला, आणि तो बसू लागल्यापासून जिममधला खेळ हळूहळू बदलला. कोणी उघडपणे काही ठरवले नाही. परत धावताना पाय सावकाश पडू लागले, सोपे पास रेषेबाहेर जाऊ लागले आणि चूक झाली की दोन्ही बाजूंना हशा पिकू लागला. गुणफलक माझ्याकडे असे. त्या टेबलापाशी बसून ते हसू ऐकताना मला स्वस्थ वाटत नसे.

शेवटच्या रविवारी निळा आणि लाल हे तळाचे दोन संघ समोरासमोर आले. दोघांचे पराभव सारखे. जो हरेल त्याला अभिजित. लाल संघ दीपकचा होता.

सामन्यापूर्वी वाघमाऱ्यांनी मुलांना माझ्या टेबलाजवळ गोळा केले, त्यामुळे त्यांचे शब्द मी स्वतः ऐकलेले आहेत. "आज आपण जिंकू शकतो. दोन वर्षांत पहिल्यांदा. ज्याला हरायचं असेल त्यानं आत्ताच घरी जावं. मी रागावणार नाही, पुढच्या रविवारी चहाही पाजीन. पण थांबला तर खेळायचं."

"काका, पण अभिजित..." एकाने सुरुवात केली.

"अभिजित तिकडं बसून राहिला. तू इथं उभा आहे. मी तुझ्याशी बोलून राहिलो."

कोणी गेले नाही. आणि मी साक्ष देतो की जवळजवळ शेवटपर्यंत निळा संघ खरेच खेळला. लाल संघ चेंडू हातातून सोडत होता, तरी निळ्यांनी त्यांच्या नादी न लागता आपला खेळ केला. तरीही, नुसत्या अंगच्या दांडगाईने, लाल एका गुणाने पुढे राहिला. मग शेवटच्या क्षणी चेंडू ओंकारच्या हाती आला, आणि लाल संघाचे पाचही जण हात खाली सोडून बाजूला झाले. त्यांनी त्याला वाट करून दिली. संपूर्ण जिममध्ये त्या मुलाला अडवणारा एकही माणूस नव्हता.

ओंकार धावला, उडाला, डावा हात वर गेला. त्याआधी निमिषभर त्याने मान वळवून पाहिले. वाघमाऱ्यांकडे नव्हे, आपल्या सोबत्यांकडे. चेंडू कड्याला लागून बाहेर पडला. मी शिट्टी ऐकली आणि त्याबरोबर आनंदाचा कल्लोळ. हरलेले निळे एकमेकांच्या गळ्यात पडले होते, जिंकलेले लाल कपाळाला हात लावून खाली बसले होते आणि वर पायऱ्यांवर अभिजित आपल्या बुटांकडे पाहत होता.

दीपक पुढे सगळ्यांना सांगत राहिला की वाघमारे तेव्हा संतापून ओंकारला बोलले. असे काही झाले नाही. ते त्याच्याजवळ गेले, त्याच्या घामेजल्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "चांगला चुकवला. कोणाला समजलं नसेल. मला समजलं, कारण तो हात माझा आहे." ओंकार हसला. कसनुसे नव्हे, मोकळेपणाने. सोबतचे सगळे हसत होते म्हणून. वाघमाऱ्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि खांद्यावरचा हात काढून घेतला.

त्यांना मी माझ्या गाडीतून घरी सोडले. बर्फ वितळावा म्हणून फ्रीवेवर मीठ टाकलेले, काच सारखी पुसावी लागत होती. मी म्हणालो, "वाघमारे, नियमाप्रमाणे अभिजित आता तुमचा. संघ उभा राहील."

"त्याला आणाल कुठं, साहेब?" ते म्हणाले.

म्हणजे उंच खेळाडू त्यांना मिळाला नव्हता हे म्हणणे धादांत असत्य आहे. तो त्यांच्या पदरात घातला गेला होता आणि तो न घेताच ते बाहेर पडले. उन्हाळ्यात घर विकून ते मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेले. कोणावर दोषारोप नाही, निरोपाचे भाषण नाही.

पुढचा हिवाळा मी गुणफलकापाशीच बसून पाहिला. अभिजित निळ्या संघात आला. पहिले काही रविवार तो एकटा सगळ्या मैदानावर धावत होता आणि बाकीचे चौघे कौतुकाने पाहत उभे होते. डिसेंबरात निळा संघ मागे पडला, तेव्हा ओंकार अभिजितला म्हणाला, "चिल यार, तळाला गेलो तर नेक्स्ट इयर फर्स्ट पिक आपलाच." जानेवारीअखेर अभिजितही बचावासाठी परत धावेनासा झाला. चारही संघ तळाकडे पाहत खेळत होते. प्रेक्षक यायचे थांबले. बायकामुले तर केव्हाच थांबली होती. एका रविवारी मधेच माझ्या लक्षात आले, की बराच वेळ कोणत्याच संघाचा गुण झालेला नाही आणि तरीही जिममध्ये सगळे मजेत आहेत. दिवे लख्ख होते, माणसे ओळखीची होती, पण मला तिथून उठून जावेसे वाटत होते.

फेब्रुवारीत वाघमाऱ्यांचा फोन आला. आवाज खाली गेला होता. तब्येतीचे त्यांनी विचारू दिले नाही. मंडळाची, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. निळा संघ कितवा आहे ते त्यांनी विचारले नाही, अभिजितचेही नाही.

"ओंकार खेळून राहिला का?"

"येतो की. एकही रविवार चुकवत नाही."

"येऊन राहिला का, असं नाही विचारलं मी."

दीपक असता तर काहीतरी चांगले सांगून मोकळा झाला असता आणि पुढे शोकसभेत तेच खरे म्हणून सांगितले असते. मी वाघमाऱ्यांशी इतकी वर्षे वाद घातला, पण त्यांना खोटा मुद्दा कधी दिला नाही.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. मग इकडे बर्फ किती पडला ते त्यांनी विचारले आणि मी सांगत राहिलो.